जुन्या गाडीच्या दरवाजाची जाम पिन: पिलरला धक्का न लावता कशी काढायची

दरवाजा लावताना हँडल धरून थोडा वर उचलावा लागतो. सोडला की खाली बसतो आणि लॉक स्ट्रायकरवर (लॉक ज्यात अडकतं तो बॉडीवरचा खुंटा) आपटतं. पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, ११८ एनई, जुनी मारुती ८००, गाडी कोणतीही असो, हे लक्षण दिसलं की बिजागरीची पिन किंवा तिचा बुश (पिन ज्यात फिरते ती आतली बारीक नळी) झिजलेला असण्याची शक्यता मोठी. इथवर निदान सोपं आहे. खरं घोडं अडतं ते जुनी पिन बाहेर काढताना.

मुंबईत ती जास्त अडते. खारी दमट हवा वर्षभर असतेच, त्यात चार महिने पाऊस. पुढच्या चाकाने उडवलेलं पाणी आणि चिखल फेंडरच्या आत, पिलरच्या (दरवाजा ज्यावर टांगलेला असतो त्या उभ्या खांबाच्या) कडेला साचतो. खालची बिजागरी नेमकी तिथेच असते, त्यामुळे वरचीपेक्षा खालची पिन बहुधा जास्त जाम निघते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो. पिन आणि नळी यांच्यातली केसाएवढी फट त्याने भरली की पिन आपोआप आवळली जाते. त्यावर रंगाचे थर असतात. काळी-पिवळी म्हणून राबलेल्या गाड्यांत तर पिनेचं टोक रंग आणि पुट्टीखाली इतकं गाडलेलं असतं की ते शोधावं लागतं.

कामाला हात घालण्यापूर्वी एक हिशेब मनात पक्का हवा. पिन ही लेथवर सहज करून मिळणारी वस्तू आहे. बिजागरी जुन्या मालात शोधावी लागते. पण पिलर वाकला, त्याचा पत्रा फाटला किंवा वेल्डिंग सुटलं तर डेंटर, वेल्डर आणि पेंटर असं तिघांचं काम निघतं. त्यामुळे पुढे प्रत्येक टप्प्यावर पिनेचं काहीही होऊ द्या, पण पिलरवर मार बसता कामा नये.

आधी पिनच झिजली आहे ना?

दरवाजा अर्धा उघडा, खालची कड दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा आणि दुसऱ्या माणसाला बिजागऱ्यांवर बॅटरीचा झोत टाकून बघायला सांगा. बिजागरीची दोन पानं एकमेकांत हलत असतील तर दोष पिन किंवा बुशचा. अख्खी बिजागरी पिलरवर हलत असेल तर बोल्ट ढिले आहेत, पाना लावा आणि विषय संपवा. बिजागरीमागचा पत्राच आत-बाहेर श्वास घेत असेल तर पिलर कुजलाय. तिथे पिन बदलून काही साधणार नाही.

झीज डोळ्यांना फार दिसत नाही म्हणून फसू नका. दोन बिजागऱ्यांमध्ये ४०० मिमी अंतर आणि दरवाजाची लांबी १००० मिमी धरली, तर वरच्या बिजागरीत फक्त १ मिमी ढिलाई आली की लॉकपाशी दरवाजा अडीच मिलिमीटर उतरतो. लॉक आपटायला तेवढं पुरतं.

अशा वेळी बिजागरीत लाकडाचा ठोकळा घालून दरवाजा दाबायचा आणि ती वाकवून दरवाजा वर आणायचा, हा प्रकार सर्रास चालतो. दरवाजा त्या दिवशी सुंदर लागतो. पण झिजलेली पिन तशीच राहते आणि आता बिजागरीही वाकडी असते, त्यामुळे पुढच्या वेळी दोन्ही दुरुस्त करावं लागतं. पिनेत ढिलाई असताना ठोकळा लावू देऊ नका.

पिन नेमकी कुणी धरली आहे ते शोधा

या टप्प्याला अर्धा तास द्या, कारण उलट्या दिशेने ठोकणं ही या कामातली सगळ्यात महागडी चूक आहे.

बिजागरीला दोन पानं, एक पिलरवर आणि एक दरवाजावर. दोन्हींच्या नळ्यांतून पिन जाते. चांगल्या स्थितीत ती एका पानात घट्ट असते आणि दुसऱ्यात फिरते. घट्ट बसावी म्हणून बऱ्याच पिनांना डोक्याखाली बारीक उभे दाते असतात, काही पिना नुसत्या दाबून बसवलेल्या असतात. सुटू नये म्हणून दुसऱ्या टोकाला सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) असते किंवा टोक ठोकून पसरवलेलं असतं. काही बिजागऱ्यांत दोन्ही टोकं रिव्हेटसारखी चेपलेली दिसतात. कारखान्याच्या हिशेबाने अशी पिन काढायचीच नसते, पण टोक कानशीने घासून तीही काढता येते. वरच्या आणि खालच्या बिजागरीत पिना उलट दिशांनी घातलेल्या गाड्याही असतात. पन्नास वर्षांच्या गाडीत मधे कुणी काय बदललं याचा नेम नाही, त्यामुळे 'या मॉडेलला अशीच पिन असते' या भरवशावर जाऊ नका.

पिनेच्या दोन्ही टोकांचा रंग खरवडा, तारेच्या ब्रशने घासा आणि छोट्या आरशात बघा. डोकं गोल आणि कड असलेलं दिसलं तर पिन त्याच बाजूने आत गेली आहे आणि त्याच बाजूने बाहेर येणार. म्हणजे मार विरुद्ध टोकावर. डोकं वर असेल तर खालून वर ठोकायचं.

आता खडूने किंवा रंगाने तीन ठिपके एका रेषेत द्या: पिनेच्या टोकावर, पिलरच्या नळीवर आणि दरवाजाच्या नळीवर. दरवाजा हळू उघडा. पिनेवरचा ठिपका पिलरच्या ठिपक्यापाशीच थांबला तर पिन पिलरच्या पानात घट्ट आहे, दरवाजाबरोबर फिरला तर दरवाजाच्या पानात. हे डोक्याखालच्या दात्यांशी जुळवून पाहा. दाते पिलरच्या नळीत आहेत आणि पिन मात्र दरवाजाबरोबर फिरते आहे, असं दिसलं तर अर्थ असा की दात्यांची पकड केव्हाच सुटली आणि पिन गंजाने दुसऱ्या नळीत जाम झाली. तेल, उष्णता, दाब, सगळं त्या दुसऱ्या नळीवर लावायचं. हे न बघता भलत्याच नळीवर दोन दिवस तेल सोडणारे पुष्कळ.

शेवटी दोन नळ्यांमधल्या फटीत व्हर्नियर जात असेल तर पिनेचा व्यास मोजा. तो साधारण ६ ते १० मिमी असतो. सुंबा (पिन ठोकून बाहेर ढकलायचा पोलादी दांडा) याच मापावर घ्यायचा आहे.

बिजागरी बोल्टने बसवलेली असेल तर

मग गाडीवर झटापट कशाला? बिजागरी दरवाजासकट किंवा सुटी काढा आणि पिन हायड्रॉलिक प्रेसवर दाबून घ्या. प्रेस असलेली वर्कशॉप कुर्ला, साकीनाका भागात गल्लोगल्ली आहेत. पिलर पूर्ण वाचतो, काम मिनिटांत होतं.

इथे दोन गोष्टी सांभाळायच्या. बोल्ट ढिले करण्यापूर्वी बिजागरीच्या कडेने अणकुचीदार सुईने बारीक रेघ ओढून ठेवा, म्हणजे परत बसवताना जागा सापडेल. मार्करची रेघ तेलाने पुसली जाते. दुसरं, पिलरच्या आत आटे पाडलेली पट्टी काही गाड्यांत सुटी असते. सगळे बोल्ट एकदम काढले की ती पिलरच्या पोकळीत पडते आणि मग ती काढण्यात संध्याकाळ होते. एक बोल्ट काढा, त्या जागी लांब बोल्ट दोन-चार आटे धरेल इतका लावा, मगच बाकीचे काढा. बिजागरी त्या लांब बोल्टवरून सरकवून बाहेर घ्या, पट्टी जागेवर लटकत राहील.

क्रॉसच्या डोक्याचे मोठे स्क्रू असतील तर हाताच्या पेचकसाने प्रयत्नही करू नका, खाच सपाट होईल. हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि खाचेत नीट बसणारा बिट घ्या. खाचेत साचलेला रंग आधी टोकदार सुईने काढा.

बोल्ट गंजून तुटायच्या बेतात असतील किंवा बिजागरी वेल्ड केलेली असेल, तर पुढचं सगळं गाडीवरच करावं लागेल.

तेल: तीन दिवसांचं काम तीन तासांत होत नाही

नेहमीचा फवारा मारून लगेच हातोडी उचलणं म्हणजे तेल वाया घालवणं. गंजात मुरणारं तेल केशाकर्षणाने आत शिरतं आणि त्याला वेळ लागतो. बाजारात मिळणारं चांगलं पेनिट्रेटिंग ऑइल घ्या. ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं हे घरगुती मिश्रणही उत्तम मुरतं, पण ते थांबलं की वेगळं होतं म्हणून प्रत्येक वेळी हलवून घ्यावं लागतं. अ‍ॅसिटोन झटकन पेट घेतं आणि रंगही उतरवतं, त्यामुळे ड्रॉपरने थेंब थेंब सोडा. ब्रेक ऑइल मात्र वापरू नका. गॅरेजमध्ये हा सल्ला हमखास मिळतो आणि दुसऱ्या दिवशी बिजागरीखालचा रंग फुगून निघालेला दिसतो.

वरून सोडलेलं तेल ओघळून जातं. म्हणून नळीच्या वरच्या तोंडाभोवती मुलांच्या खेळायच्या मातीची छोटी कड करून तळं तयार करा आणि त्यात तेल साठू द्या. आधी हेअर ड्रायरने नळी हाताला चटका बसेल इतपत गरम केली आणि मग साधं पेनिट्रेटिंग ऑइल सोडलं तर थंड होताना ते आत ओढलं जातं. हे अ‍ॅसिटोनच्या मिश्रणासोबत करायचं नाही. सकाळ-संध्याकाळ तेल भरा, प्रत्येक वेळी दरवाजा पंधरा-वीस वेळा पूर्ण उघड-बंद करा आणि नळीवर बाजूने हलक्या हातोडीचे चार ठोके द्या. ठोक्यांच्या कंपनाने गंजाचा थर तडकतो. तीन दिवस हे केलं की फटीतून लालसर तेल बाहेर यायला लागतं. ते आलं तर तेल आरपार पोचलं समजा. पावसाळ्यात हे छताखाली करा, उघड्यावर पाऊस तेल धुऊन नेतो.

दरवाजाचं वजन पिनेवरून उतरवा

जुन्या गाडीचा काचेसकट दरवाजा वीस-पंचवीस किलोच्या घरात असतो. हे वजन पिनेवर लटकत असेल तोवर पिन नळ्यांत तिरकी अडकलेली असते आणि मोकळी पिनसुद्धा जाम वाटते.

दरवाजाचा स्टॉपर (तो ठरावीक मर्यादेपलीकडे उघडू न देणारी पट्टी) आधी सोडा. आत तारा जात असतील तर बॅटरीचा निगेटिव्ह काढा. फेंडरच्या आणि दरवाजाच्या कडांना मास्किंग टेपचे तीन-चार थर लावा, सुंबा निसटला की पहिला ओरखडा तिथेच पडतो. मग ट्रॉली जॅकवर लाकडी फळी, फळीवर जुनं गोणपाट ठेवून दरवाजाच्या खाली घ्या. सोसायटीच्या पार्किंगमध्ये जमीन उताराची असते, तेव्हा चाकांना आधी अडण लावा. जॅक पंप करताना एक हात वरच्या बिजागरीवर ठेवा. दरवाजा उचलला जाऊन ढिलाई नाहीशी होते तो क्षण बोटांना कळतो. त्याहून वर नेलात तर वजन उलट्या दिशेने पिनेवर येतं.

एका वेळी एकच पिन. आधी खालची काढा, तिच्या जागी सहज सरकेल असा बारीक बोल्ट घाला, मग वरची. दोन्ही एकदम मोकळ्या केल्या तर दरवाजा जॅकवर उभा राहत नाही, अंगावर येतो.

ठोकणं

हातोडी ८०० ग्रॅम ते १ किलोची घ्या. २०० ग्रॅमच्या हातोडीचे पन्नास ठोके पिनेचं टोक फक्त पसरवतात, आणि पसरलेलं टोक नळीत शिरत नाही. टोक आधीच पसरलेलं असेल तर कानशीने नळीच्या पातळीपर्यंत घासून घ्या, कडेला थोडा उतार द्या. सर्क्लिप काढायला विसरू नका. ती रंगाखाली दडलेली असते.

सुंबे दोन लागतात. पहिला आखूड, ६०-७५ मिमी लांब, सपाट तोंडाचा, पिनेपेक्षा अर्धा ते एक मिमी बारीक. दुसरा तेवढ्याच जाडीचा पण लांब. आखूड सुंब्याने पिन हलवायची आणि एकदा सेंटिमीटरभर सरकली की लांब घ्यायचा. सुरुवातीलाच लांब सुंबा लावला तर तो वाकतो आणि निम्मा मार स्वतःच खातो. नागदेवी स्ट्रीटवर सुंब्यांचा मापवार संच मिळतो. कडक आणि एकसारख्या जाडीचा बघून घ्या, उतरत्या टोकाचा नको, तो नळीत पाचरीसारखा अडकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मार ज्या दिशेने जातो त्या टोकाला, नळीच्या तोंडाशी, दुसऱ्या माणसाने दोन-तीन किलोचा लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. ठोकळ्यात पिनेच्या डोक्यापेक्षा २-३ मिमी मोठं भोक पाडलेलं हवं, म्हणजे पिन त्यात उतरेल. ठोकळा नसेल तर पत्र्याचा पिलर प्रत्येक ठोक्याला स्प्रिंगसारखा दबतो, पिनेपर्यंत मार पोचतच नाही आणि वेल्डिंगचे ठिपके मात्र एकेक करून सैल होतात. ठोकळा असेल तर तोच ठोका पिनेवर लागतो. आवाजातही फरक कळतो. आधाराशिवाय दबका, पोकळ आवाज येतो, आधार नीट असेल तर टणक.

नळ्यांमध्ये फट असेल तर तिथे खाच पाडलेले वॉशर घालून ती भरा. नाहीतर बाहेरची नळी आतल्या नळीकडे दबते, वाकते आणि पिनेला आणखी आवळते. ठोकून ठोकून पिन जास्तच घट्ट होत गेली, ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

मोजके, सरळ, जोरदार ठोके द्या. डोळ्यांवर चष्मा हवाच, कडक पोलादाची कपची गोळीसारखी उडते. दहा-बारा चांगल्या ठोक्यांत पिन तसूभरही हलली नाही तर थांबा आणि दिशा पुन्हा तपासा. दिशा बरोबर असेल तर पुढच्या उपायाकडे वळा, हट्टाने ठोकत बसू नका. किंचित हलली तर लगेच पुढे रेटण्याऐवजी तेल सोडा, शक्य असेल तर पिन एक-दोन मिमी उलट ढकला आणि परत पुढे आणा. गंजाचा चुरा असा बाहेर पडतो.

कंप्रेसरवर चालणारी एअर हॅमर मिळाली तर उत्तम. तिचे जलद, लहान ठोके पिलर दबायच्या आत पिनेला हलवतात. सपाट बिट लावा, दोन-तीन सेकंदांचे झटके द्या, आणि ठोकळा इथेही धराच.

दाबून काढणं

वेल्ड केलेल्या बिजागरीसाठी हा सर्वांत भरवशाचा उपाय, आणि हातोडीच्या आधी करावा अशा योग्यतेचा. सगळा जोर बिजागरीतल्या बिजागरीत राहतो, पिलरला त्याची खबरही लागत नाही.

यासाठी १६ मिमी जाडीच्या प्लेटमधून इंग्रजी सी-च्या आकाराची चौकट कापून घ्या. आतली उंची बिजागरीच्या नळ्यांच्या एकूण उंचीपेक्षा ४०-५० मिमी जास्त ठेवा. एका हातात एम-१२ चे आटे पाडा, दुसऱ्या हातात पिनेच्या डोक्याहून २-३ मिमी मोठी आरपार खाच. एम-१२ चा १२.९ ग्रेडचा बोल्ट घ्या. त्याच्या टोकाला छोटा खड्डा पाडून घेतला की ढकलणारा तुकडा मधोमध राहतो. तो तुकडा पिनेपेक्षा अर्धा-एक मिमी बारीक, कडक पोलादाचा, आधी १५ मिमी लांब आणि नंतर लावायला ४० मिमी लांब असा दोन मापांत. लेथवाल्याला मापं लिहून दिली की ही चौकट करून मिळते.

बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावा. पाना फिरवून चांगला ताण आणा, मग नळीला बाजूने आणि बोल्टच्या डोक्यावर एकेक ठोका द्या, पुन्हा पाव फेरा. पिन सुटते तेव्हा 'कट्' असा स्पष्ट आवाज होतो आणि पाना हलका पडतो. आवाज न होता पाना हलका पडायला लागला तर थांबून बघा: चौकट उघडते आहे किंवा नळी वाकते आहे. फटीतले वॉशर इथेही हवेतच.

उष्णता, तीही बेताने

गरम करायची ती नळी, पिन नव्हे. १० मिमीचं भोक २०० अंशांनी तापवलं तर ते फक्त ०.०२४ मिमी मोठं होतं. ऐकायला नगण्य, पण गंजाची पकड मोडायला पुरेसं. पिन तापायच्या आत दाब किंवा ठोका द्यायला हवा, म्हणून चौकट ताणून तयार ठेवा आणि मगच आच लावा. गरम नळीला मेणबत्ती टेकवली तर वितळलेलं मेण फटीत ओढलं जातं आणि वंगणाचं काम करतं.

साधन म्हणून इंडक्शन हीटर सर्वांत चांगला, पण त्याच्यासह सगळ्याच उपायांत आसपासचा रंग जळणार हे धरून चाला. गॅस टॉर्च वापरायचा तर आतली पॅनेल, गालिचा, रबर बीडिंग, तारा आणि पत्र्याला चिकटवलेले डांबरी पॅड आधी काढा. तेल आणि अ‍ॅसिटोन पूर्ण पुसून उडून जाऊ द्या. ओली फडकी भोवती गुंडाळा, अग्निशामक हाताशी ठेवा, आणि काम झाल्यावर अर्धा तास गाडीपाशी थांबा. सिलच्या (दरवाजाखालच्या बॉडीच्या पट्टीच्या) पोकळीत लागलेली धग बाहेरून दिसत नाही. इमारतीच्या खाली, इतर गाड्यांच्या रांगेत टॉर्च पेटवायचा नाही. गाडी गॅरेजमध्ये न्या.

कापणं आणि ड्रिल

इतकं करूनही पिन बधत नसेल तर तिला वाचवायचं कारण उरलेलं नाही. दोन नळ्यांमधल्या फटीत हॅकसॉचं उघडं ब्लेड जातं का बघा. मधे पितळी बुशची कड असेल तर आधी ती कापली जाईल, मग पिन. जागा असेल तर १ मिमी जाडीची कटिंग डिस्क झटपट काम करते, पण नळीच्या तोंडाला स्पर्श झाला तर बिजागरीची उंची कमी होते आणि नवी पिन ढिली वाजते. ब्लेडने वेळ लागतो, तरी पहिली पसंती त्यालाच. पिन कापली की दरवाजा सुटतो आणि आता प्रत्येक नळीत फक्त छोटा तुकडा उरतो. लांब पिनेपेक्षा तो आखूड तुकडा कितीतरी सहज निघतो. दरवाजावरचा तुकडा तर टेबलावर घेऊन आरामात काढता येतो.

तुकडाही निघत नसेल तर ड्रिल. आधी कानस फिरवून बघा. ती घसरत असेल तर पिन कडक आहे आणि कोबाल्टचा बिट लागेल. तोंड सपाट घासून मधोमध सेंटर पंच मारा. ३ मिमीने सुरुवात, मग ५, आणि शेवटी पिनेपेक्षा एक मिमी कमी. ५ मिमीच्या बिटला मिनिटाला ६००-८०० फेरे पुष्कळ झाले, त्याहून जोरात फिरवलं तर बिट जळतो. कटिंग ऑइल सोडत राहा आणि शक्य तर दोन्ही टोकांकडून निम्मं-निम्मं खणा. खरा धोका बिट तिरका जाऊन नळीच्या भिंतीत शिरण्याचा. नळीत टोक थोडं आत असेल तर लेथवर केलेली छोटी मार्गदर्शक नळी बसवून तिच्यातून ड्रिल करा, बिट मधोमध राहतो. आतून पोकळ झालेली पिन सुंब्याच्या दोन-तीन ठोक्यांत आत कोसळून निघते.

भोक बघा, मग पिन ठरवा

नळी पेट्रोलमध्ये बुडवलेल्या ब्रशने साफ करून दोन आडव्या-उभ्या दिशांना मोजा. फरक ०.२ मिमीच्या आत असेल तर मूळ मापाची पिन चालेल. जास्त असेल तर भोक लंबगोल झालंय, त्यात नवी पिन घातली तरी दरवाजा महिन्याभरात पुन्हा लटकेल. दोन वाटा आहेत: दोन्ही पानं एका रेषेत धरून रीमर (भोक मापात आणि गोल करणारं हत्यार) फिरवायचा आणि अर्धा मिमी जाड पिन करायची, किंवा फिरणाऱ्या नळीत १ मिमी भिंतीचा फॉस्फर ब्राँझचा बुश घालायचा. नळीची भिंत जाड असेल तर बुश घ्या, पुढच्या वेळी फक्त बुश बदलला की काम होईल. ड्रिल बिटने भोक मोठं करू नका, ते गोल येत नाही.

पिन ईएन-८ (मध्यम कार्बनचं पोलाद) च्या ब्राइट बारमधून, म्हणजे गुळगुळीत, मापात ओढलेल्या सळईतून करून घ्या. घट्ट बाजूला भोकापेक्षा ०.०२ ते ०.०३ मिमी जास्त, फिरत्या बाजूला ०.०५ ते ०.१ मिमी सैल. गंजू नये म्हणून स्टेनलेसची पिन मागण्याचा मोह होतो, पण स्टेनलेस घासताना पृष्ठभाग उपटून चिकटू शकतं आणि खाऱ्या ओलाव्यात त्याला लागून असलेलं साधं लोखंड जास्त झपाट्याने गंजतं. ब्राँझ बुश असेल तरच विचार करा. बसवण्याआधी पिन रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवतात, त्याने ८ मिमीची पिन जेमतेम ०.००५ मिमी आकसते. करायचं तर करा, माप चुकलं असेल तर फ्रीजर वाचवणार नाही.

मूळ बिजागरी वाकली किंवा तडकली असेल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या दरवाजांसकट बिजागऱ्या मिळतात. डावी-उजवी आणि वरची-खालची वेगळी असते, म्हणून जुनी सोबत न्या.

परत बसवताना

स्ट्रायकर आधी काढून ठेवा. तो लावलेला असला की दरवाजा त्याच्यावर चढून बरोबर बसल्याचा भास होतो. नळीत आणि पिनेवर लिथियम ग्रीस लावा, जॅकने दरवाजा मघाच्याच उंचीला आणा आणि तात्पुरता बोल्ट खाली बाहेर ढकलत वरून पिन घाला, किंवा उलट, डोक्याच्या दिशेप्रमाणे. शेवटचा घट्ट भाग चौकटीनेच दाबा, नाहीतर ठोकळा लावून ठोका. बुश सिंटर्ड ब्राँझचा (धातूची पूड दाबून-भाजून केलेला) असेल तर त्यावर थेट हातोडी नको, ठिसूळ असतो. लांब बोल्ट आणि दोन वॉशर यांनी ओढून बसवा. फिरत्या नळीच्या वरच्या भागात २ मिमीचं तेलाचं छिद्र पाडून घेतलं तर पुढची अनेक वर्षं सुखाची जातात. ते पिन घालण्यापूर्वी पाडायचं, आणि बुश असेल तर त्यातूनही आरपार.

दरवाजा लटकवून चारही बाजूंची फट बघा. मागच्या दरवाजाशी वरपासून खालपर्यंत सारखी हवी. मग स्ट्रायकर सैल लावा, दरवाजा हलकेच बंद करून लॉकला त्याची जागा शोधू द्या आणि आवळा. आठवडाभर वापरल्यावर बिजागरीचे बोल्ट एकदा पुन्हा आवळा आणि तीन ठिपक्यांची चाचणी परत करा: पिन आता घट्ट असायला हवी त्याच पानाबरोबर फिरली पाहिजे. जून ते सप्टेंबर दर महिन्याला छिद्रात दोन थेंब इंजिन ऑइल, आणि गाडी धुताना फेंडरच्या आत साचलेला चिखल पाइप लावून काढून टाका.